रंग वाळतो, तेव्हा तो जातो कुठे?

दाराला ऑइलपेंटचा हात मारला की ओला असताना तो जेवढा असतो तेवढा वाळल्यावर उरत नाही. राहिलेला भाग कुठे गेला? लाकडात मुरला नाही, फरशीवर सांडला नाही. तो हवेत गेला. युरोपीय संघाने २०१० पासून घरातल्या दारा-खिडक्यांच्या तेलरंगांवर कमाल मर्यादा घातली आहे: लिटरमागे उडून जाणारी सेंद्रिय द्रव्यं ३०० ग्रॅमपेक्षा जास्त नकोत. ही मर्यादा आहे, आणि तीसुद्धा कडक समजली जाते. या हिशेबाने चार लिटरच्या डब्यातून जवळजवळ सव्वा किलो माल दारावर न राहता खोलीच्या हवेत मिसळू शकतो. डब्याचे पैसे आपण पूर्ण देतो, त्यातला काही भाग श्वासावाटे घेतो.

घरात कुणाला काही त्रास नसेल तर दोन दिवस डोकं दुखतं, खिडक्या उघड्या टाकल्या जातात आणि विषय संपतो. पण घरात दम्याचं मूल असेल, किंवा दिवस पूर्ण भरायच्या आधीच जन्मलेलं आणि महिनाभर कृत्रिम श्वासावर राहिलेलं मूल असेल, तर हा सव्वा किलोचा हिशेब वेगळाच होतो. तो का वेगळा होतो हे समजून घ्यायचं तर भिंतीपासून फुप्फुसाच्या टोकापर्यंतचा सगळा रस्ता चालून पाहावा लागतो. त्या रस्त्यावर थक्क व्हावं असं इतकं काही आहे की रंगारी, सुतार आणि फुप्फुसाचे डॉक्टर एका खोलीत बसवून त्यांच्या गप्पा ऐकाव्यात असं वाटतं.

आधी भिंत. आपण ‘रंग वाळला’ म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं, ओलं कापड दोरीवर वाळतं तसंच काहीतरी झालं. तसं नसतं. वाळण्याच्या किमान तीन अगदी निराळ्या तऱ्हा आहेत, आणि तिन्ही आपल्या घरांनी पाहिल्या आहेत.

पहिली चुन्याची. विरलेला चुना भिंतीला लावला की त्यातलं पाणी उडतं हे खरं, पण चुना घट्ट होतो तो पाणी उडाल्यामुळे नव्हे. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. भट्टीत दगड भाजून त्यातून जो वायू हाकलून दिला होता, तोच वायू भिंत हवेतून परत मिळवते आणि पुन्हा दगड होते. आजोळच्या घराची पांढरी भिंत म्हणजे अक्षरशः हातांनी पसरलेला पातळ दगड. ही भिंत वाळताना हवेत सोडते ते फक्त पाणी. (ओला चुना डोळ्यांत गेला तर भयंकर भाजतो, आणि जुना चुना पोपडे धरून झडतो. त्यामुळे ‘जुनं ते सोनं’ म्हणून गळा काढायचं कारण नाही.)

दुसरी तऱ्हा तेलरंगाची. जवसासारखी काही तेलं पातळ थरात हवेला लागली की ऑक्सिजन ओढून घेतात. तेलाचे रेणू एकमेकांत हात गुंफतात, जाळं विणलं जातं, आणि पातळ तेलाचा कडक पापुद्रा होतो. निव्वळ जवसाचं तेल काचेवर पसरून ठेवलं तर वाळता वाळता त्याचं वजन आधी वाढतं! आजचे एनॅमल रंग याच तत्त्वावरचे, फक्त तेलाला रसायनशाळेत जास्त बळकट केलेलं असतं. पण ही विणकाम करणारी प्रक्रिया नीटनेटकी नाही. विणताना रेणूंचे तुकडे तुटून पडतात, आणि ते हवेत उडतात. हेक्झॅनालसारखी ही अल्डिहाइडं. रंग पातळ करणाऱ्या टर्पेंटाइनचा वास दोन-चार दिवसांत विरतो, तरी रंगवलेल्या कपाटाचं दार उघडलं की पुढे कितीतरी दिवस एक जडसर, किंचित खवट वास येत राहतो. तो या तुकड्यांचा. हाताला कोरडा लागणारा रंग आतून अजून वाळतच असतो.

तिसरी तऱ्हा मला सर्वांत सुंदर वाटते. पाण्यातला इमल्शन रंग म्हणजे प्लास्टिकसारख्या द्रव्याचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात, एका केसाच्या जाडीत शेकडो मावतील एवढे. पाणी उडू लागलं की हे गोळे जवळ येतात, परातीत निथळत ठेवलेला साबुदाणा एकमेकांना चिकटतो तसे. आणि मग ते एकमेकांवर एवढे दाबले जातात की त्यांचा गोलपणाच जातो. प्रत्येक गोळा बारा बाजूंचा ठोकळा होतो, मधली फट नाहीशी होते आणि अखंड पापुद्रा तयार होतो. आपल्या दिवाणखान्याच्या भिंतीवर अब्जावधी बारा-बाजूंचे ठोकळे फटीविना बसलेले आहेत, कुणी गवंड्याने न बसवता.

पण गोळे सहज दबावेत म्हणून त्यांना मऊ करणारं एखादं द्रव्य रंगात घातलेलं असतं, आणि काम झाल्यावर ते द्रव्य सावकाश, काही दिवस किंवा आठवडे, बाहेर पडत राहतं. शिवाय डब्यात बुरशी धरू नये म्हणून परिरक्षकं असतात. त्यामुळे ‘पाण्याचा रंग, काही त्रास नाही’ हे दुकानदाराचं वाक्य पाऊण खरं आहे. तेलरंगापेक्षा तो कितीतरी बरा, निरुपद्रवी मात्र नाही. डब्यावरचं ‘वासविरहित’ हे लेबल तर मी बाजूलाच ठेवतो. वास न येणं आणि हवेत काही नसणं या दोन गोष्टींचा संबंध फार सैल आहे. तो किती सैल आहे हे नाकापर्यंत पोचलो की दिसेल.

त्याआधी सुतारकाम. नूतनीकरणात रंगावर सगळ्यांचा डोळा असतो, कारण त्याचा वास ओरडून सांगतो. प्लायवूड आणि एमडीएफ मात्र गुपचूप बसलेले असतात. लाकडाचे पातळ पदर किंवा भुसा चिकटवण्यासाठी बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक वापरतात. स्वस्त, रंगहीन, झटकन घट्ट होणारा. त्याचा दोष एकच: हवेतल्या दमटपणाने त्याचे बंध सुटतात आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड मोकळा होतो. एकदा नव्हे, महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं. ऊन आणि दमटपणा वाढला की हा झरा वाढतो. मुंबईचा मे आणि जून डोळ्यांसमोर आणा.

फॉर्मल्डिहाइड हा रेणू मोठा गमतीचा आहे. एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन, बस्स. १८५९ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ बुटलेरोव्ह यांच्या हाती तो लागला. आपलं शरीर स्वतःही तो सूक्ष्म प्रमाणात बनवतं आणि लगेच मोडून टाकतं. दोन ताऱ्यांमधल्या विरळ मेघांतही तो सापडला आहे. तोच रेणू प्रयोगशाळेतल्या बरण्यांमध्ये बेडूक टिकवतो, आणि २००४ पासून जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. सगळं काही मात्रेवर आणि जागेवर. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी अर्ध्या तासाच्या सरासरीची मर्यादा घातली आहे ती घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम.

बंद जागेत हा वायू काय करतो याचा मोठा आणि दुर्दैवी प्रयोग अमेरिकेत झाला. २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स आणि आसपासचा किनारा उद्ध्वस्त केला तेव्हा सरकारने बेघरांना हजारोंच्या संख्येने फिरती घरं दिली. भिंती, कपाटं, जमीन सगळं चिकटवलेल्या लाकडाचं, जागा चिंचोळी, हवा खेळती नाही. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, मुलांना खोकला लागला, नाकातून रक्त येऊ लागलं. अखेर डिसेंबर २००७ आणि जानेवारी २००८ मध्ये सरकारी आरोग्य संस्थेने ५१९ घरांतली हवा तपासली. सरासरी निघाली अब्ज भागांमध्ये ७७ भाग, म्हणजे जवळपास वर सांगितलेल्या मर्यादेएवढी. तीही हिवाळ्यात, वादळानंतर दोन वर्षांहून जास्त काळाने. पुढे २०१० मध्ये अमेरिकेने चिकटवलेल्या लाकडातून किती फॉर्मल्डिहाइड सुटावा याचा कायदाच केला.

आपल्याकडे सुताराशी बोलताना ‘एमआर’ की ‘मरीन’ एवढाच प्रश्न निघतो, आणि तो पाण्याने प्लाय फुगेल का या काळजीपोटी. पण त्यात श्वासाचंही उत्तर दडलेलं आहे. उकळत्या पाण्यालाही दाद न देणाऱ्या, भारतीय मानक ७१० च्या मरीन प्लायमध्ये फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा काळसर डिंक असतो. त्याचे बंध दमट हवेने सुटत नाहीत, म्हणून तो वायूही फार कमी सोडतो. महाग आहे. पण मुलाच्या खोलीतल्या पलंगासाठी आणि कपाटासाठी तेवढा खर्च करावा असं माझं मत आहे. आणि काहीही वापरलं तरी कापलेल्या कडा, पाठीमागची बाजू, बिजागरीची भोकं उघडी ठेवू नयेत. वायू सर्वांत जास्त सुटतो तो उघड्या कडांतून, आणि सुतार नेमका दिसणाऱ्या बाजूलाच सनमायका लावून मोकळा होतो.

या सगळ्यात मला भीती वाटते ती वेगळ्याच वस्तूची. पीयू पॉलिश. लाकडाला काचेसारखी झळाळी देणारं हे पॉलिश दोन डब्यांत येतं आणि ऐन वेळी एकत्र करतात. दुसऱ्या डब्यात, ज्याला हार्डनर म्हणतात त्यात, डायआयसोसायनेट कुळातली द्रव्यं असतात. पॉलियुरेथेनची ही किमया १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी साधली. उशीतला फोम, बुटांचे तळवे, हे पॉलिश, सगळं त्यातूनच आलं. पॉलिश पूर्ण वाळल्यावर निवांत असतं. पण फवारणी चालू असताना हवेतल्या आयसोसायनेटला श्वसनमार्ग एकदा का ‘ओळखू’ लागला की पुढे अत्यल्प मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. कामाच्या ठिकाणी जडणाऱ्या दम्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या कारणांत ही द्रव्यं जगभर मोजली जातात. म्हणजे तोंडाला नुसता रुमाल बांधून आपल्या घरात फवारा मारणारा पॉलिशवाला स्वतःची फुप्फुसं पणाला लावत असतो, आणि त्याबद्दल आपण त्याच्याशी दर चौरस फुटाचा भाव सोडून काही बोलत नाही.

आता नाक. फोडणीत मिरची करपली की घरभर ठसका उठतो. आपण म्हणतो, वासाने ठसका लागला. खरं तर वासाचा त्यात हात नसतो. वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या छताला असतात, त्यांची मज्जारज्जूशी नव्हे, थेट मेंदूशी सोयरीक. ठसका आणणारी यंत्रणा निराळी: नाक, डोळे, घसा आणि श्वासनलिका यांत पसरलेल्या वेदनावाहक तंतूंची. या तंतूंच्या टोकांवर प्रथिनांची बारीक दारं असतात. मिरचीतल्या कॅप्सेसिनने उघडणारं दार डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधलं, आणि २०२१ चं नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पाटापुटियान यांच्याबरोबर मिळालं. त्या दाराचं एक भावंड आहे, टीआरपीए-वन नावाचं. ते उघडतं मोहरीच्या झणक्याने. फेसलेल्या मोहरीचं लोणचं खाताना टाळूपासून कपाळापर्यंत जी कळ जाते, ती याच दाराची करामत.

आणि हेच दार फॉर्मल्डिहाइडनेही उघडतं. आयसोसायनेटनेही. मोहरीने स्वतःला किड्यांपासून वाचवण्यासाठी जे अस्त्र घडवलं, आणि कारखान्याने प्लायवूड चिकटवण्यासाठी जे द्रव्य घडवलं, ते आपल्या शरीराच्या लेखी एकाच जातीचं: चिकटून नासधूस करणारं काहीतरी आत येत आहे, पहारेकऱ्यांनो उठा. दार उघडलं की खोकला येतो, नाक वाहतं, डोळे पाझरतात आणि श्वासनलिका आकसतात. निरोगी माणसात हा पहारा कामाचा. दम्याच्या मुलात पहारेकरी आधीच झोप न झालेले, चिडलेले असतात.

म्हणून वासावर विसंबता येत नाही, दोन्ही बाजूंनी. एक तर नाक काही मिनिटांतच सरावतं, घरात बसलेल्याला वास येईनासा होतो आणि बाहेरून आलेला पाहुणा दारातच नाक मुरडतो. दुसरं, ठसक्याची यंत्रणा वासाच्या आधी, वासानंतर किंवा वासाविनाही काम करते. ‘आता वास गेला, पोराला आणा’ असा निरोप आजोळी धाडला जातो, तेव्हा गेलेला असतो तो टर्पेंटाइन.

आता फुप्फुस. स्विस शरीरशास्त्रज्ञ एवाल्ड वाइबेल यांनी १९६३ मध्ये फुप्फुसाची जी मापं मांडली त्यानुसार श्वासनलिकेला एकामागोमाग साधारण २३ वेळा फाटे फुटतात. शेवटी असतात वायुकोश. मोठ्या माणसात त्यांची संख्या तीस ते पन्नास कोटी. सगळे उलगडून पसरले तर सत्तरेक चौरस मीटर, म्हणजे मुंबईतल्या टू बीएचकेएवढी जागा. आपण जे घर रंगवतो, तेवढंच मोठं घर प्रत्येकाच्या छातीत घडी घालून ठेवलेलं आहे, आणि त्याच्या भिंतीची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी.

मूल जन्मतं तेव्हा मात्र हे घर बांधून पूर्ण झालेलं नसतं. नवजात बाळात वायुकोश काही कोटीच असतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत ते झपाट्याने वाढतात, आणि पुढेही वाढ चालू राहते. वेळेआधी जन्मलेल्या बाळात हे बांधकाम आईच्या पोटात अर्धवट सुटलेलं असतं, आणि प्राण वाचवण्यासाठी दिलेला ऑक्सिजन आणि दाब यांनीही त्याला इजा झालेली असू शकते. त्यात किलोमागे हिशेब केला तर लहान मूल मोठ्यापेक्षा बरीच जास्त हवा ओढतं, तान्हं बाळ साधारण दुप्पट. तेव्हा एकाच खोलीत, एकाच वासात, बाप आणि बाळ सारखा घोट घेत नसतात.

आणि मग भूमिती येते. फ्रेंच डॉक्टर प्वाझ्य यांनी १८४० च्या सुमारास बारीक नळ्यांतून द्रव सोडून एक नियम शोधला. संथ प्रवाहात नळीचा विरोध तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. नळी निम्मी झाली तर विरोध दुप्पट नाही, चौपट नाही, सोळापट. आता तान्ह्या बाळाची श्वासनलिका घ्या, व्यास चारेक मिलिमीटर. आतल्या अस्तराला सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली की उरले दोन. विरोध सोळापट. तीच एक मिलिमीटर सूज आठ मिलिमीटरच्या नळीत आली तर विरोध होतो जेमतेम तिप्पट. ज्या सुजेने मोठ्या माणसाला ‘जरा घसा धरलाय’ वाटतं, त्याच सुजेने बाळाचं पोट भात्यासारखं उडू लागतं. हा नुसता नाजूकपणा नव्हे, गणित आहे.

दमा या गणितात तीन बाजूंनी हात घालतो. लहान वायुनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर सुजतं, आणि चिकट कफ उरलीसुरली वाट बुजवतो. धूळ-कफ वर ढकलणारे सूक्ष्म केसल सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलत असतात, त्यांचंही काही चालेनासं होतं. आपल्याकडे घरचे हा आजार ‘ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस’, ‘छातीत कफ’ अशा नावांनी सांगतात, कारण दमा म्हटलं की मुलीचं लग्न आठवतं. नाव काहीही द्या, पंपाला घाबरू नका. तोंडाने ओढायचा हा मोजका फवारा १९५६ मध्ये अमेरिकेत बाजारात आला, तो एका औषध कंपनीच्या प्रमुखाला त्याच्या दमेकरी मुलीने विचारलेल्या प्रश्नातून: केसांच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का नाही मिळत? औषध थेट जागेवर जातं, म्हणून मात्रा गोळीपेक्षा फारच कमी लागते. घरात काम काढण्याआधी डॉक्टरांशी बोला, आणि रोजचा सूज उतरवणारा पंप ‘आता बरं आहे’ म्हणून नेमका याच काळात बंद करू नका. बोलताना वाक्य तुटू लागलं, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, ओठ निळसर दिसले, किंवा तातडीचा पंप देऊनही उतार पडला नाही, तर वाफ आणि ओवा यांत वेळ न घालवता सरळ दवाखाना.

धुळीचं थोडक्यात सांगतो, कारण ती निदान दिसते. म्हणजे जाड धूळ दिसते. स्थिर हवेत दहा मायक्रॉनचा कण छातीच्या उंचीवरून जमिनीवर यायला आठ-दहा मिनिटं घेतो. एक मायक्रॉनच्या कणाला बारा तास लागतात. आणि पंखा चालू असेल तर तो खाली येतच नाही. लांबी घासून झाली, झाडू मारला, घर लख्ख दिसलं, तरी फुप्फुसाच्या खोलवर जाऊ शकणारी धूळ अजून मुलाच्या नाकासमोर तरंगत असते. फरशी कापायची तर पाणी सोडून कापावी, घासकामानंतर झाडू नव्हे ओलं फडकं. जुन्या इमारतीतल्या दारांचा रंग कोरडा खरवडू नये, त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएम मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीचे थर अजून दारांवर आहेतच. शिसं फुप्फुसांपेक्षा मुलाच्या मेंदूला जास्त छळतं, हा आणखी निराळा विषय.

या संकटावरचे लोकप्रिय उपाय बहुतेक फसवे आहेत. मनीप्लांट हवा शुद्ध करतो या समजाचं श्रेय १९८९ च्या नासाच्या एका अभ्यासाला जातं, पण तो अभ्यास छोट्या हवाबंद पेट्यांतला होता. २०१९ मध्ये जुन्या अभ्यासांचा फेरहिशेब मांडला गेला, तेव्हा निघालं असं की नुसत्या वाऱ्याने जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत कुंड्या लागतील. मग घरात माणसं राहणार कुठे? उदबत्ती आणि धूप हवेत नवे कण घालतात. लिंबाच्या वासाच्या फवाऱ्यातली द्रव्यं ओझोनशी भिडून स्वतःच थोडा फॉर्मल्डिहाइड तयार करतात. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राची हेपा जाळी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते, म्हणजे धुळीला उत्तम, वायूला मात्र काहीच नाही. वायूसाठी सक्रिय कोळसा लागतो. तो नारळाच्या करवंट्यांपासूनही बनवतात, आणि त्याच्या एका ग्रॅमच्या छिद्रांचं क्षेत्रफळ पाचशे चौरस मीटरहून जास्त भरतं. पण फॉर्मल्डिहाइडचा चिमुकला रेणू साध्या कोळशाच्याही हातून निसटतो. आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, तीच हवा थंड करून फिरवतो. नव्या रंगाच्या खोलीत एसी लावून मुलाला झोपवणं हे मी पाहिलेलं सर्वांत वाईट आदरातिथ्य.

चालतं ते साधंच. काम चालू असताना आणि नंतरही मूल दुसऱ्या घरी. काम पावसाळ्यात नाही, कोरड्या हवेत, आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तर नाहीच. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, एकीत पंखा बाहेर तोंड करून. नवीन कपाटांची दारं-खण काही आठवडे उघडी. पॉलिश शक्य तर कारखान्यात करून आणलेलं. मुलाची खोली सगळ्यात आधी करावी, म्हणजे बाकी घर होईपर्यंत तिला वाळायला सर्वांत जास्त वेळ मिळतो. माझ्या पाहण्यात बहुतेक घरांत ती सर्वांत शेवटी होते, कारण आधी हॉल.

एक गोष्ट राहिली. इतका वेळ आपण धरून चाललो की काम ज्याच्या घरात, मूलही त्याच्याच घरात. पण इमारतीत डक्ट एक असतो, जिना एक असतो, बाथरूमच्या खिडक्या एकमेकींवर उघडतात. तिसऱ्या मजल्यावरचा पॉलिशचा फवारा चौथ्या मजल्यावरच्या मुलाला गाठू शकतो, आणि त्या आईला कारणसुद्धा कळत नाही. सोसायट्या नूतनीकरणाची परवानगी देताना अनामत घेतात, लिफ्टला पुठ्ठे लावायला सांगतात, ठोकाठोक दुपारी दोन ते चार बंद ठेवायला लावतात. त्याच अर्जात एक ओळ वाढवायला काही खर्च येत नाही: कोणत्या दिवशी तेलरंग, कोणत्या दिवशी पॉलिश, आणि तळमजल्याच्या फळ्यावर ते चार दिवस आधी लिहायचं. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय मांडा. आणि तुमच्याच घरी काम निघणार असेल तर सभेची वाट पाहू नका, वरच्या, खालच्या आणि शेजारच्या दाराची बेल वाजवून विचारा, तुमच्याकडे कुणी पंप वापरतं का?